दार लोटून घ्या, सिस्टर

“कंबर दुखते हो सिस्टर, लय दिवस झाले.” एवढं बोलून ती गप्प झाली. गोवंडीहून आलेली, मांडीवर दीड वर्षाचं पोर, शेजारी सासू. केसपेपरवर आधीच्या दोन खेपांचं लिहिलेलं होतं: कंबरदुखी, अशक्तपणा, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. पोर रडायला लागलं, सासू त्याला खांद्यावर घेऊन बाहेर गेली, तसं मी दार लोटलं. कडी लागत नव्हती म्हणून आतून स्टूल सरकवलं. ती जरा वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिली. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, “अंगावरून जातं. वास मारतो. ओटीपोटात पण दुखतं. चार महिने झाले.”

चार महिने आणि तीन खेपा. आधीच्या दोन्ही वेळचे डॉक्टर काही वाईट नव्हते. टेबलाभोवती सहा-सात बायका, दारात तेवढ्याच उभ्या, एकेकीला दीड-दोन मिनिटं, आणि प्रश्न एकच: काय होतंय? सासू शेजारी बसलेली असताना या प्रश्नाचं उत्तर कंबर दुखते हेच येणार.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मी बावीस वर्षं नर्स होते. त्यातली सहा त्वचा व गुप्तरोग विभागात गेली. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. या सगळ्या वर्षांतून माझं एक मत पक्कं झालंय. लैंगिक संसर्ग बरे करायला लागणारी औषधं या शहरात आहेत. नाही ती दार बंद होईल अशी खोली, आणि त्या खोलीत बसून विचारायची सवय, वेळ आणि अधिकार असलेली नर्स. ही गोष्ट आपण औषधाच्या बरोबरीची मानली नाही, तर औषध कपाटात राहील आणि आजार घरात.

औषधांचं आधी सांगते, कारण बहुतेकांना ते ठाऊक नसतं. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची केंद्रं आहेत. नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, तिथे सात रंगांची पाकिटं ठरवून दिली आहेत. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल किंवा बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी संसर्ग असेल तर राखाडी. त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, एकदाच घ्यायचं. योनीमार्गाच्या संसर्गाला हिरवं. जखमेला पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. हर्पिसच्या फोडांना लाल, ओटीपोटातल्या संसर्गाला पिवळं, जांघेतल्या गाठीला काळं. सगळं फुकट. गर्दीच्या ओपीडीत हात चुकू नये अशी ही सोय आहे, आणि मी ती वापरलेली असल्यामुळे सांगते, चांगली सोय आहे.

त्या गोवंडीच्या ताईला डॉक्टरांनी आतून तपासलं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली आणि पिवळं पाकीट दिलं. ते पाकीट चारही महिने आमच्या कपाटात होतं. ती बसायची त्या बाकापासून तीस पावलांवर.

ही तीस पावलं का पडत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. आपल्या भाषेत या आजारांना नावं कमी नाहीत. परमा, गरमी, उपदंश. सगळ्यांच्या वर ‘गुप्तरोग’. लोकलच्या डब्यात, स्टेशनबाहेरच्या भिंतीवर, मुतारीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर हाच शब्द मोठ्या अक्षरात असतो, खाली मोबाइल नंबर. माझ्याकडे आलेल्या पुरुषांपैकी कितीतरी आधी तिथे जाऊन आले होते, पाच-दहा हजार घालवून. सुशिक्षित माणसं त्यांना अडाणी म्हणतात. मला तसं वाटत नाही. तो कागदवाला औषध विकत नाही, तो आडोसा विकतो. फोनवर नाव विचारत नाही, आत एकेकालाच घेतो, दार लावतो, चहा विचारतो. आमच्याकडे तोच माणूस आला तर रांगेसमोर मोठ्यांदा हाक जाते: “गुप्तरोगवाले कोण आहेत, इकडे या!” ही हाक मी स्वतःच्या कानांनी शेकडो वेळा ऐकली आहे. अशी हाक ऐकून त्या रांगेत कोण थांबेल?

उरलेले केमिस्टकडे जातात. दोन गोळ्या, एक मलम, कधी अर्धाच डोस. पू थांबतो, माणूस निर्धास्त होतो, जंतू आत राहतो आणि औषधाला सरावतो. परम्यावर, म्हणजे गनोरियावर, एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिनची एक गोळी पुरत असे. आता जवळपास कुठेच पुरत नाही.

लोक सरकारी दवाखान्याला बुजतात यामागे जुनी कारणंही आहेत. इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आणि आजार निघाला तर लॉक हॉस्पिटलमध्ये डांबणं. मुंबईतही तो राबवला गेला. तपासणी बायकांची, शिपायांना हात नाही. १८८८ मध्ये कायदा गेला, पण आजार म्हणजे कुणाचा तरी गुन्हा, आणि तो बहुतेक बाईचा, ही समजूत मागे उरली. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच शहरात संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून या विषयांवर उघड लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आज खटला होत नाही. पण आमच्या रुग्णालयाच्या पाटीवर ‘त्वचा’ मोठ्या अक्षरात आणि ‘गुप्तरोग’ बारीक अक्षरात असायचं, आणि लोक विचारताना फक्त “त्वचा कुठे हो?” एवढंच विचारायचे.

आता नर्सचं काम म्हणजे नक्की काय, ते एका माणसावरून सांगते. ओळख पटेल असं काही ठेवत नाही.

हॉटेलात काम करणारा तरुण मुलगा. महिन्यापूर्वी जखम झाली होती, दुखली नाही, आपोआप भरली, म्हणून तो विसरून गेला. उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, पहिली जखम अशीच फसवते. ती न दुखता येते, न सांगता जाते, आणि रोग रक्तात उतरतो. पुढे तळहातावर पुरळ आलं तेव्हा तो त्वचा विभागात आला. रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी बेंझाथिन पेनिसिलिन लिहिलं, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं.

हे इंजेक्शन द्यायला हात लागतो. भुकटी पाण्यात कालवली की ते दुधासारखं दिसतं, पण मिनिटभर ठेवलं तर खाली साका बसतो. बारीक सुई घेतली तर ती मध्येच तुंबते आणि रुग्णाला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. म्हणून जाड सुई घ्यायची, बाटली हलवत राहायचं, औषध भरलं की थांबायचं नाही, आणि आत सोडताना मात्र अगदी सावकाश सोडायचं, कारण घाई केली की कळ मस्तकात जाते. आधी चाचणीचा डोस, शेजारी ॲड्रेनालिनचा ट्रे तयार. पेनिसिलिनची रिॲक्शन येईल या भीतीने बाहेरचे कितीतरी डॉक्टर हे इंजेक्शन द्यायचंच टाळतात. तयारी असलेल्या नर्सच्या हातात ते टाळण्यासारखं नाही.

इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. माझ्या मते हा अर्धा तास सगळ्या उपचारातला सर्वांत मोलाचा. माणूस कुठे जाऊ शकत नाही, भीती थोडी ओसरलेली असते, आणि तुम्ही शेजारी बसून नुसती रजिस्टरं भरत असलात तरी तो बोलायला लागतो. त्याने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, “सिस्टर, गावाकडं लग्न ठरतंय, मोडू का?” मी सांगितलं, मोडायचं की नाही ते तू ठरव, आज रात्री ताप येईल, घाबरू नकोस, तो औषध लागू पडल्याचा ताप असतो, आणि तीन, सहा, बारा महिन्यांनी रक्त तपासायला ये, आकडा उतरतोय का ते बघू. विसाव्या मिनिटाला, मी जोडीदाराबद्दल विचारत असताना, तो खाली बघून म्हणाला, “तुम्ही मघापासून ‘ती’ म्हणताय. ‘तो’ आहे.”

त्या एका वाक्याने तपासणीच बदलली. घशात आणि गुदद्वारात संसर्ग असू शकतो हे बघायला हवं होतं, आणि ते कुणी बघितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढला. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांसाठीची ‘हमसफर ट्रस्ट’सारखी संस्था तर मुंबईत १९९४ पासून काम करते आहे. कायदा बदलला, संस्था उभ्या राहिल्या, पण आमच्या केसपेपरच्या खिडकीवर अजून पुरुषांची रांग आणि बायकांची रांग. तृतीयपंथी माणूस कुठे उभा राहणार, याचं उत्तर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून.

बायकांचं दुखणं आणखी खोल आहे. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या दहा बायकांपैकी साधारण सात जणींना काहीच जाणवत नाही. त्यातल्या काहींची गर्भनलिका आतल्या आत खराब होते आणि कळतं ते चार वर्षांनी, मूल होत नाही म्हणून सासर बोलायला लागतं तेव्हा. गरोदर बाईच्या सिफिलिसवर उपचार झाला नाही तर निम्म्याहून जास्त वेळा बाळावर परिणाम होतो: पोटातच दगावणं, वेळेआधी जन्म, जन्मतः रोग. आणि उपाय काय, तर तेच जुनं पेनिसिलिन. गरोदरपणात दुसरं कुठलंही औषध त्याची जागा घेत नाही. प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी ते मिळायला हवं. रक्ताची तपासणी नाव नोंदवतानाच होते. पण नाव सातव्या महिन्यात नोंदवलं, मग रिपोर्ट घ्यायला येणं राहिलं, मग बाळंतपणासाठी गावी गेली, की हिशोब हुकला. तो हिशोब कुणी धरायचा? दर महिन्याला त्याच बाईचं वजन करणारी, त्याच बाईचा रक्तदाब बघणारी नर्सच धरू शकते.

आणि नवरा. बाईला औषध देऊन नवऱ्याला सोडलं तर आपण तिला पुन्हा आजारी पडायला घरी पाठवतो. क्लिनिकमध्ये जोडीदारासाठी चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी घेऊन धारावीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, दीर-जावेच्या कानांदेखत, बाईने नवऱ्याला काय सांगायचं याचा विचार फारसा कुणी करत नाही. “मला गुप्तरोग निघालाय” म्हटलं तर पहिला प्रश्न येतो, कुणाकडून आणलास? मार खाऊन परत आलेल्या बायका मी पाहिल्यात. म्हणून आम्ही दोन-तीन जणी मिळून एक वाक्य बसवलं होतं आणि ते बाईकडून दोनदा म्हणवून घ्यायचो: “पोटात जंतू निघालेत, दोघांनी एकदम औषध घेतलं नाही तर जात नाहीत, सिस्टरनं तुम्हालाच बोलावलंय.” यात एक शब्द खोटा नाही, आणि बाईच्या अंगावर काही येत नाही. नवरा आला की उरलेलं बोलणं आमचं. हे वाक्य कुठल्या मार्गदर्शक सूचनेत नव्हतं. बायकांनी आम्हाला येऊन सांगितलं, काय बोललं की घरात आग लागते, त्यावरून ते तयार झालं.

म्हणूनच नर्सिंगचं शिक्षण बघून मला काळजी वाटते. ‘लैंगिक संसर्ग म्हणजे काय ते सांगून परिचारिकेची भूमिका लिहा’ असा प्रश्न आला की मुली दोन पानं लिहितात: जंतूचं नाव, लक्षणं, औषध, आरोग्यशिक्षण. सगळं बरोबर. त्याच मुलीला वॉर्डात रुग्णासमोर बसवून म्हटलं, विचार, शेवटचा संबंध कधी आला, कंडोम होता का, एकापेक्षा जास्त जोडीदार आहेत का, तर तिचे कान लाल होतात आणि ती माझ्याकडे बघते. तिचा दोष नाही. तिने हे शब्द आयुष्यात कुणासमोर उच्चारलेले नाहीत. मी आता वर्गात दोघीदोघींना समोरासमोर बसवते, एक रुग्ण, एक नर्स, आणि हे प्रश्न मराठीत मोठ्याने विचारायला लावते. पहिल्या दिवशी हसतात. चौथ्या दिवशी हसत नाहीत. सलाइन लावणं जसं हाताला बसावं लागतं, तसं हे विचारणं जिभेला बसावं लागतं, आणि परीक्षेत त्याला गुण असल्याशिवाय ते कुठल्याही कॉलेजात बसवलं जाणार नाही.

नर्सला जास्त अधिकार द्या म्हटलं की पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो: निदान हे आमचं काम. गुंतागुंतीच्या रुग्णाबद्दल मी यावर वादच घालणार नाही. पण ठरलेल्या लक्षणांना ठरलेलं पाकीट, हे काम प्रशिक्षित नर्स करू शकते. इंग्लंडच्या लैंगिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित नर्सही तपासते आणि औषध देते. आपल्याकडेही उपकेंद्रांत बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसतातच. खेड्यात जो विश्वास टाकतो तो मुंबईत टाकायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप मात्र मला खरंच गंभीर वाटतो. लक्षणं बघून प्रतिजैविकं वाटली तर गरज नसलेल्यांनाही ती जातात, आणि बायकांच्या बाबतीत ही पद्धत बरीच चुकते. अंगावरून जाणं म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग नव्हे. बुरशी असते, योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो, कधी काहीच नसतं. अशा बाईवर चुकीचा शिक्का बसला तर संसार मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या सूचनांत, जमेल तिथे तपासणी करूनच औषध द्या असं सांगितलं आहे. पण यातून निघतं ते हेच की तपासणी वाढवा. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन, लावून बघणं, आम्लता कळणारी पीएचची पट्टी, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून माशासारखा वास येतो का ते बघणं, सिफिलिसची बोटातल्या रक्तावरची झटपट चाचणी, हे सगळं नर्सला शिकवता येतं आणि स्वस्तात होतं. फक्त स्पेक्युलम लावायला टेबल लागतं, दिवा लागतो आणि बंद दार लागतं. पुन्हा तिथेच येतो आपण.

‘अशाने लोकांना मोकळं रान मिळेल’ हा आक्षेप मी विचारात घेत नाही. माझ्याकडे आलेल्या बायकांतल्या बहुसंख्य जणींना आयुष्यात एकच पुरुष माहीत होता.

अल्पवयीन मुलींचं मात्र मनाला लागून राहिलंय. सतरा वर्षांची मुलगी संबंधातून झालेलं दुखणं घेऊन आली तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यासाठी हा कायदा ढालच आहे. पण जी स्वतःच्या मर्जीने मित्रासोबत होती ती हे ऐकून दारातूनच परत जाते, आणि मग केमिस्ट नाहीतर तो भिंतीवरचा कागद. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड करायला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. संसर्गाच्या उपचारासाठी आलेल्या मुलीलाही तेवढं संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळायला हवं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने संमती आणि गुप्तता यांचा हक्क लिहून दिला, तेव्हा असं लिहिता येतं हे सिद्धच झालंय.

मग करायचं काय? त्वचा व गुप्तरोग विभागातली बदली ही शिक्षा समजली जाते, आमच्यातही. ही समजूत जायला हवी, आणि तिथे शिकलेल्या सिस्टरला सहा महिन्यांत उचलून दुसऱ्या वॉर्डात टाकणंही थांबायला हवं. पुरुषांसाठी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, असावा. कंडोमचा डबा दर्शनी भागात, वॉचमनच्या नजरेखाली असतो. तो आत न्या. पाटी बदला, ती हाक बंद करा, तिच्याऐवजी रांगेचा नंबर द्या. यातल्या कशालाच मोठा पैसा लागत नाही. आमच्या खोलीला कडी मिळावी म्हणून मी दोनदा लेखी मागणी केली होती. शेवटी आमच्या वॉर्डबॉयने लोहार चाळीतून कडी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः बसवली. पुढच्या महिन्यात रजिस्टरमध्ये बायकांच्या नोंदी वाढल्याचं मी माझ्याच हाताने लिहिलं.

गोवंडीच्या ताई तिसऱ्या दिवशी आल्या, सांगितलं होतं तशा. ओटीपोटातली कळ कमी होती. नवरा टॅक्सी चालवायचा, सकाळची ओपीडी गाठायची तर त्याचा खाडा पडायचा. तो दहाव्या दिवशी आला, पावणेदोन वाजता, ओपीडी संपल्यावर. दारात उभा राहून म्हणाला, “सिस्टर, बायकोनं पाठवलंय.” डॉक्टर निघायच्या बेतात होते, त्यांना थांबवलं, राखाडी पाकीट काढलं आणि गोळ्या समोरच घ्यायला लावल्या. त्या दिवशी डॉक्टर दोन मिनिटांपूर्वी गेले असते तर तो पुन्हा आला नसता. टॅक्सीवाला, वॉचमन, घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा मजूर, ही माणसं संध्याकाळनंतरच मोकळी होतात. पालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी उघडे असतात आणि वस्तीला लागून असतात. निदान राखाडी, हिरवी आणि पिवळी पाकिटं तिथे ठेवा, दोन तास एक शिकलेली सिस्टर द्या, आणि तिच्या खोलीला आतून लागणारी कडी.